लेफ्टनंटची पहिली दोन वर्षं

आमच्या नाशकात सैन्याचा विषय निघाला की लवकर संपत नाही आणि त्यात नवल काही नाही, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल, शहरात 1937 पासून भोसला मिलिटरी स्कूल, आणि आता मुलींना एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करणारी सरकारी संस्थाही इथेच आलीय. त्यामुळे तरुण अधिकारी कसा तयार करायचा यावर इथे ज्याला त्याला मत आहे. सध्या त्यात दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते की ड्रोनचा जमाना आलाय, पहाटे चारला उठवून परेड घेण्यात आणि बूट चमकवण्यात वेळ घालवण्यापेक्षा पोरांना कोडिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवा. दुसरी म्हणते की रगडा, म्हणजे अंग मोडणारी मेहनत, कमी झाला, मोबाईल हातात आले, पोरं नाजूक झाली, अकॅडमीतलं ट्रेनिंग अजून कडक करा. दोघांचा आवाज मोठा आहे आणि दोघंही एक गोष्ट धरूनच चालतात की अधिकारी अकॅडमीत तयार होतो. मला वाटतं सगळा वाद इथेच चुकतोय. अकॅडमीतून जो बाहेर पडतो तो शिकायला तयार झालेला मुलगा असतो. जवानांना घेऊन पुढे जाणारा अधिकारी घडतो तो पलटणीत, पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि त्याला घडवणारे लोक म्हणजे त्याचा सुभेदार, त्याचे हवालदार आणि त्याचा सीओ, म्हणजे पलटणीचा कमांडिंग ऑफिसर. ही दोन-तीन वर्षं कशी जातात याबद्दल मात्र कुणी बोलतच नाही.

आता आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते खरंच आहे. तोफखान्यातल्या अधिकाऱ्याला गणित यावंच लागतं, वारा, हवेचं तापमान, दारूगोळ्याचा लॉट, बॅरलची झीज या सगळ्यावर गोळा कुठे पडणार ते ठरतं आणि आता त्यात ड्रोनवरून टार्गेट बघणं, समोरच्याचं जॅमिंग, आपली गन फायर झाल्यावर काही मिनिटांत जागा बदलणं हे सगळं आलंय. युक्रेनमध्ये जे चाललंय ते बघून ज्याला हे कळत नसेल त्याने यावर बोलू नये. रगड्याचंही तसंच. झोप नाही, अंगात ताप आहे, पाठीवर वजन आहे आणि तरी डोकं ताळ्यावर ठेवून निर्णय घ्यायचाय, हे पुस्तकातून येत नाही, शरीराला आधी एकदा तिथे नेऊन आणावं लागतं. एसएसबीची, म्हणजे निवड मंडळाची, पाच दिवसांची निवड, एनडीएची तीन वर्षं, डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचं (आयएमए) एक वर्ष, किंवा ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीचे (ओटीए) अकरा-बारा महिने, यातलं काही फुकट जात नाही. पण या सगळ्यातून आपण नक्की काय मिळवतो? एक धट्टाकट्टा, हुशार, इमानदार मुलगा किंवा मुलगी, ज्याने आजपर्यंत फक्त आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच पोरांचं नेतृत्व केलंय. उद्या त्याच्यासमोर उभा राहणार आहे त्याच्या वडिलांच्या वयाच्या जवळपास पोचलेला सुभेदार, ज्याने सियाचीन पाहिलंय, आणि वीस-पंचवीस जवान, कुणाच्या घरी जमिनीची भानगड आहे, कुणाची बायको बाळंतपणाला आलीय, कुणाला रजा नाकारलीय. याची रंगीत तालीम कुठल्या अकॅडमीत होते?

एमबीबीएस झालेल्या मुलाला आपण लगेच ऑपरेशनला उभं करत नाही, इंटर्नशिप असते, मग रेसिडेन्सी असते, वर सिनिअर उभा असतो. सैन्यात मात्र पिपिंग झालं, आईवडिलांनी खांद्यावर तारे लावले, फोटो निघाला की आपल्या मनात तो झाला तयार अधिकारी.

इतिहास बघा. आयएमए डेहराडूनला 1932 मध्ये सुरू झाली, पहिल्या तुकडीत 40 कॅडेट. त्या एकाच तुकडीतून तीन देशांचे सेनाप्रमुख निघाले, भारताचे सॅम माणेकशॉ, पाकिस्तानचे मोहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशचे स्मिथ डन. मैदान एक, शिक्षक एक, उद्घाटनाला सरसेनापती चेटवूड बोलले ते शब्दही एकच, आधी देश, मग तुझे जवान, आणि तू सगळ्यात शेवटी. आणि पुढे काय झालं? पाकिस्तानात 1958 ला लष्कराने सत्ता घेतली, ब्रह्मदेशात 1962 ला घेतली, डन तर कारेन या अल्पसंख्य समाजाचे होते म्हणून 1949 मध्येच बाजूला झाले होते. आपल्याकडे सैन्य बॅरेकमध्ये राहिलं. यात राजकारणाचा वाटा मोठा आहे हे उघड आहे, सगळं श्रेय किंवा दोष पलटणींना द्यायला मी वेडा नाही. पण अकॅडमीच जर माणूस घडवत असती तर एका तुकडीतून निघालेल्यांची सैन्यं इतक्या तीन दिशांना कशी गेली असती? जिथे जाऊन तो अधिकारी नोकरी करतो, ज्या वरिष्ठांना बघत मोठा होतो, तिथलं वातावरण त्याच्यात उतरतं.

अफगाणिस्तानचं उदाहरण तर अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. काबूलला 2005 मध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटच्या धर्तीवर चार वर्षांची अकॅडमी काढली. 2013 मध्ये ब्रिटिशांनी सँडहर्स्टच्या धर्तीवर काबूलजवळ करघ्याला दुसरी काढली. आपल्या डेहराडूनलाही अफगाण कॅडेट वर्षानुवर्षं शिकून गेले. शिक्षण चांगलं होतं, पैसा होता, पोरंही वाईट नव्हती, कितीतरी जण लढले आणि मेले. पण हा लेफ्टनंट पास होऊन कांदाहारला किंवा हेलमंडला पोचला की त्याला दिसायचं की त्याचा कमांडर वशिल्याने आलाय, डिझेल विकलं जातंय, हजेरीपटावर जी नावं आहेत त्यातली कितीतरी माणसं अस्तित्वातच नाहीत आणि त्यांचा पगार कुणाच्या तरी खिशात जातोय. जवानाला महिनोन्महिने पगार नाही, वेळेवर जेवण नाही, जखमी झाला तर हेलिकॉप्टर येईल याची खात्री नाही. अकॅडमीत शिकवलेलं सगळं तिथे किती दिवस टिकणार? कागदावर 3 लाखांचं दल होतं आणि 15 ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरले. इराकमध्ये त्याआधीच हे घडलेलं, जून 2014 मध्ये मोसुल पडलं तेव्हा मोठे अधिकारी आधी पळाले, मग खालचे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी तिथल्या पंतप्रधानांनी सांगितलं की 50 हजार सैनिक फक्त कागदावर होते. अशा ठिकाणी प्रामाणिक लेफ्टनंटपुढे दोनच रस्ते उरतात, त्यांच्यातलाच एक होणं किंवा निघून जाणं.

कुणी म्हणेल, अहो आपलं सैन्य कुठे आणि ते कुठे. बरोबर, तुलना तशी होऊच शकत नाही. पण नव्याने उभं राहणारं राष्ट्रीय सैन्य कशावर उभं राहतं हा प्रश्न आपल्याकडेही एकदा आलेला आहे आणि मराठी माणसाने तर तो विसरूच नये. महादजी शिंद्यांनी दि बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याला नोकरीत घेऊन कवायती फौज उभी केली, आग्र्याला तोफा ओतल्या, 1790 मध्ये पाटण आणि मेडत्याला ती फौज भल्याभल्यांना भारी पडली. बंदुका चांगल्या, तोफा चांगल्या, शिपाई शूर, ड्रिल एक नंबर. कमी एकच होती, त्या पलटणींचे बहुतेक सगळे वरचे अधिकारी युरोपियन होते आणि त्यांच्या हाताखाली आपले तरुण तयार करून उद्या त्यांच्या जागी बसवण्याची सोय कुणी केलीच नाही. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा दौलतरावांच्या नोकरीतले कितीतरी अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यावर निघून गेले, सरसेनापती पेराँ स्वतः इंग्रज सेनापती लेकच्या स्वाधीन झाला. भोकरदनजवळ असईला 23 सप्टेंबरला शिंद्यांचे गोलंदाज तोफांवरून हलले नाहीत, संगिनींनी भोसकले जाईपर्यंत उभे राहिले. लासवारीला 1 नोव्हेंबरला तेच. तिथे जिंकल्यावर खुद्द लेकने लिहून ठेवलं की या फौजेवर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती. म्हणजे शत्रूला दिसत होतं की शिपायात काही कमी नाही. त्या गोलंदाजांची आठवण आली की मला आजही वाईट वाटतं, कारण ते हरले ते त्यांच्या चुकीने नाही, त्यांना वेळेवर हुकूम देणारं माणूस कुणी घडवलं नव्हतं म्हणून.

आता पुन्हा आपल्या काळात या. रगडापार्टीवाले कारगिलचं आणि अरुण खेत्रपालांचं नाव घेतात, म्हणतात बघा, अकॅडमीतून निघून सहा महिन्यांत परमवीर चक्र, म्हणजे अकॅडमीच घडवते. मुद्दा वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. खेत्रपालांना जून 1971 मध्ये कमिशन मिळालं, युद्ध आलं तेव्हा ते नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होते, तो अर्धवट टाकून पूना हॉर्समध्ये परत गेले, आणि 16 डिसेंबरला बसंतरला रणगाडा पेटलेला असताना मागे यायला नकार देऊन लढत राहिले. वय 21. हे धैर्य त्यांचं स्वतःचं होतं, त्यात कुणाची वाटणी नाही. पण ते ज्या रेजिमेंटमध्ये होते तिचे सीओ हनूत सिंग होते, रणगाड्यात सोबत सराईत क्रू होता, आणि अख्ख्या रेजिमेंटमध्ये मागे न हटण्याची रीत होती. तोच 21 वर्षांचा मुलगा एखाद्या पोकळ, भ्रष्ट, घाबरट युनिटमध्ये टाकला असता तर तो एकटा शूर ठरला असता, त्याच्यामागून रणगाडे आले असते का? कारगिलच्या लढाईत टायगर हिलला लेफ्टनंट बलवान सिंगांना कमिशन मिळून काही महिनेच झाले होते, पण त्यांच्यासोबत 18 ग्रेनेडिअर्सची घातक (निवडक कमांडो) प्लाटून होती, त्यात परमवीर चक्र मिळवणारे योगेंद्र सिंग यादव होते. कोवळा अधिकारी आणि मुरलेली पलटण, ही जोडी जमली की असं होतं.

आणि परमवीर चक्र मिळवलेल्या राम राघोबा राणेंचं नाव या वादात कुणी का घेत नाही हे मला कळत नाही. 1940 मध्ये शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालेला माणूस, ब्रह्मदेशात लढलेला, डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला आणि चारच महिन्यांत, एप्रिल 1948 ला, नौशेरा-राजौरी रस्त्यावर तीन-चार दिवस जवळपास न झोपता सुरुंग काढत, रणगाड्याच्या खाली सरपटत, जखमी असताना आपल्या तुकडीला पुढे नेत राहिला. हे कुठल्या कॅडेट मेसमध्ये शिकला? सात वर्षं तो पलटणीत होता, तिथे. इस्रायलमध्ये अधिकारी आधी साधा सैनिक म्हणून काम करतो आणि त्यातूनच निवडला जातो. आपल्याकडेही आर्मी कॅडेट कॉलेजमधून जवान अधिकारी होतात, पण तो रस्ता अरुंद आहे आणि त्याची चर्चा त्याहून कमी. 1962 नंतर तर आपल्याला घाईने हजारो इमर्जन्सी कमिशन द्यावी लागली, ट्रेनिंग काही महिन्यांवर आणलं, मद्रासला आणि पुण्याला नवी स्कूल्स काढली, आणि हेच अधिकारी 1965 ला लढले. ट्रेनिंग एवढं कमी होऊनही ते उभे राहिले कारण पलटणींनी त्यांना सांभाळून घेतलं, सुभेदार साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं की साहेब, हा हुकूम असा देऊ नका, असा द्या.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप एकच आहे आणि तो मला खरंच अडचणीचा वाटतो. पलटणीवर सोडलं म्हणजे नशिबावर सोडलं. चांगला सीओ मिळाला तर सोनं, वाईट मिळाला तर तो पोरगा दोन वर्षांत खोटे रिपोर्ट लिहायला, वरच्यांची मर्जी सांभाळायला आणि जवानांवर ओरडायला शिकतो. अकॅडमीत निदान सगळ्यांना सारखं मिळतं. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघतं काय? पलटणीत वाईट सवय लागू शकते याचाच अर्थ पलटणीचा ठसा अकॅडमीपेक्षा खोल असतो. मग आपलं लक्ष आणि आपला पैसा कुठे जायला हवा? अकॅडमीवर संसदेत प्रश्न येतात, वर्तमानपत्रात बातम्या येतात, पासिंग आउटला मंत्री येतात. पण एखाद्या सीओच्या हाताखालून पाच वर्षांत किती लेफ्टनंट चांगले कॅप्टन होऊन निघाले, हे त्याच्या बढतीच्या वेळी कुणी ठळकपणे बघावं असं मागताना मी कुणाला ऐकलेलं नाही. इन्स्पेक्शनला रंगवलेले दगड आणि मेसची कटलरी दिसते, लेफ्टनंटला काय येतं ते दिसायला त्याला रात्री एकट्याने गस्तीची तुकडी घेऊन पाठवावं लागतं.

इथे ड्रोनपार्टीला एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय. तंत्रज्ञानाने लेफ्टनंटचं काम सोपं होईल असं तुम्ही धरून चाललात, पण त्याच तंत्रज्ञानाने त्याचा निर्णय त्याच्या हातून जाऊ शकतो. पूर्वी तो डोंगराआड गेला की वरच्यांना त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून पर्यायच नव्हता. आज ब्रिगेड हेडक्वार्टरमध्ये बसून वरचा साहेब स्क्रीनवर त्याची सेक्शन बघू शकतो आणि त्याला सांगू शकतो की डावीकडच्या झाडाजवळ जा. एकदा हे सुरू झालं की पोरगा निरोप्या होतो, आणि जॅमिंग होऊन स्क्रीन काळी पडते त्या दिवशी स्वतःहून काही करायची सवयच त्याला उरलेली नसते. 1962 ला चीनच्या सीमेवरच्या नामका चू नदीवर कुठलं ठाणं कुठे लावायचं हे लांबून, नकाशावरून ठरत होतं आणि जागेवरच्या अधिकाऱ्यांचं ऐकलं गेलं नाही, त्याची किंमत 20 ऑक्टोबरला जवानांनी मोजली, तेव्हा तर ड्रोनही नव्हते. कोडिंग शिकवा, जरूर शिकवा, पण सोबत वरच्या साहेबालाही शिकवा की स्क्रीन दिसत असूनही गप्प कधी बसायचं. आणि गप्प बसून त्या पोराची चूक सहन करायची, कारण सरावात चूक केल्याशिवाय तो शिकणार नाही. देवळालीच्या रेंजवर त्याचा गोळा भलतीकडे पडला तर त्याला धरून हिशोब पुन्हा करायला लावा, त्याच्या रिपोर्टमध्ये ते कायमचं चिकटवू नका. एकदा चिकटलं की तो पुढची वीस वर्षं फक्त सेफ खेळतो.

यात आता अग्निपथचा भाग येतो. योजना चांगली की वाईट हा वाद मी इथे उकरत नाही, पण तरुण अधिकाऱ्याच्या बाजूने बघा. 2022 पासून जे जवान भरती होतायत त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के चार वर्षांनंतर राहणार. म्हणजे अजून काही वर्षांनी एखाद्या बॅटरीत किंवा कंपनीत लेफ्टनंटही कोवळा आणि समोरचे बरेच जवानही कोवळे अशी वेळ येऊ शकते. ज्या मुरलेल्या हवालदाराने आजवर लेफ्टनंट घडवला तोच कमी झाला तर? त्याचं उत्तर अकॅडमीतला रगडा वाढवून मिळणार नाही. नाईक आणि हवालदारांच्या ट्रेनिंगवर दुपटीने लक्ष द्यावं लागेल, त्यांना मान आणि अधिकार द्यावे लागतील. युक्रेनने 2014 नंतर सार्जंट लोकांवर जी मेहनत घेतली ती 2022 ला कामी आली, रशियाकडे तसा मधला माणूस कमी होता आणि छोट्या छोट्या गोष्टीसाठी मोठे अधिकारी पुढे यावे लागत होते. कोरियात 1951 ला मोडलेल्या डिव्हिजन आघाडीवरून मागे आणून अधिकारी आणि शिपाई एकत्रच नव्याने ट्रेन केले, नुसते अधिकारी वेगळे काढून शिकवले नाहीत.

मुलींबद्दलही हेच. मे 2025 मध्ये एनडीएतून पहिल्या 17 मुली पास झाल्या, त्याआधी 2023 ला पाच महिला लेफ्टनंट पहिल्यांदा तोफखान्यात आल्या, 2022 ला इथे आपल्या गांधीनगरला कॅप्टन अभिलाषा बराक यांनी लष्करी वैमानिकाचे विंग्ज घेतले. आम्ही नाशिककर यावर अभिमानाने बोलतो आणि बोलावंच. पण प्रश्न अकॅडमीने त्यांना घेतलं का हा राहिलेलाच नाही, तो सुटला. पलटण तिला गन पोझिशनवर पूर्ण जबाबदारी देते का, का तिला ऑफिसच्या कामात आणि पाहुण्यांच्या स्वागतात अडकवते, तिच्या जेसीओंना, म्हणजे सुभेदार वगैरे लोकांना, कुणी नीट सांगितलंय का, यावर ती कशी कमांडर होईल ते ठरणार आहे.

अधिकाऱ्यांची कमतरता आहे हे मला माहीत आहे, हजारोंनी आहे, आणि त्यामुळेच युनिटमध्ये आलेल्या पहिल्या दिवसापासून लेफ्टनंटवर चार माणसांची कामं पडतात, चौकशीचे कागद त्याच्याकडे, कॅन्टीनचा हिशोब त्याच्याकडे, स्पोर्ट्स मीट त्याच्याकडे. लोक म्हणतात, माणसंच नाहीत तर त्याला दोन वर्षं फक्त जवानांसोबत ठेवायची चैन कशी परवडणार? पण यात हिशोब उलटा होतोय. अर्धवट शिकलेला कॅप्टन उद्या मेजर होणार, परवा सीओ होणार आणि त्याच्या हाताखाली पुढचे दहा लेफ्टनंट येणार. आज वाचवलेला वेळ तेव्हा दहापट भरावा लागेल. बऱ्याच पलटणींत जुनी रीत आहे की नवा अधिकारी सुरुवातीचे काही आठवडे जवानांच्या बॅरेकमध्येच राहतो, लंगरमध्येच जेवतो, त्यांच्यासोबत पहाऱ्याची ड्युटी करतो, त्यांची भाषा शिकतो, मराठा लाइट इन्फंट्रीत केरळचा पोरगाही थोड्या दिवसांत मराठीत बोलायला लागतो. ही रीत सीओच्या मर्जीवर न ठेवता सगळीकडे सक्तीची करा आणि काही आठवड्यांऐवजी काही महिने करा. पहिली दोन वर्षं त्याला कुठल्या हेडक्वार्टरला, कुठल्या साहेबाचा एडीसी (खास मदतनीस) म्हणून किंवा कुठल्या समारंभासाठी उचलू नका. सीओच्या बढतीत त्याने घडवलेले तरुण अधिकारी मोजा. आणि आमच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडला एसएसबीचे क्लास चालवणाऱ्यांनीही पोरांना ग्रुप डिस्कशनमध्ये दुसऱ्याचा आवाज कसा दाबायचा हे शिकवण्याऐवजी त्यांना आठवड्यातून एक दिवस एखाद्या निवृत्त सुभेदारासमोर गप्प बसून ऐकायला लावावं, नाशिकरोड-देवळालीच्या पट्ट्यात असे सुभेदार घरोघरी आहेत आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.